राष्ट्राध्यक्ष सुट्टीवर, विमानं जमिनीवर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना मी जे तीन-तीनदा सांगतो ते इथे एकदाच लिहिलंय.

४ जून २०२२, शनिवार. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात रेहोबथ बीच नावाचं समुद्रकाठचं छोटंसं गाव आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचं तिथे घर आहे आणि त्या वीकेंडला ते तिथेच होते. एक छोटं खासगी विमान त्या भागावरच्या बंदी घातलेल्या हवाई हद्दीत शिरलं. सीक्रेट सर्व्हिसने बायडेन आणि त्यांच्या पत्नीला लगेच घरातून हलवलं आणि काही वेळ सुरक्षित जागी ठेवलं. मग कळलं, हल्ला-बिल्ला काही नाही, पायलट चुकून आत आला होता. सीक्रेट सर्व्हिसने सांगितलं की तो योग्य रेडिओ चॅनेलवर नव्हता आणि त्या भागासाठी काढलेल्या सूचनाही त्याने पाळल्या नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या माणसाच्या घरावर कोणी 'चुकून' कसं जाईल? आपल्याकडे व्हीआयपी आला की चौकाचौकात पोलीस असतात, बॅरिकेड असतात, दोरी बांधलेली असते. रस्ता बंद आहे हे गाडी थांबली की कळतंच. आकाशात दोरी कुठे बांधणार? तिथे बंदी ही फक्त मजकुराच्या रूपात असते. तो मजकूर तुम्ही उडण्याआधी वाचला असेल तर बंदी आहे, नसेल वाचला तर समोर मस्त निळं आकाश आहे. बंदी तरीही असतेच म्हणा, फक्त तुम्हाला दिसत नाही.

या बंदीला अमेरिकेत टेम्पररी फ्लाइट रिस्ट्रिक्शन म्हणतात, पायलटच्या तोंडी नुसतं 'टीएफआर'. टीएफआर बऱ्याच कारणांनी लागतो. जंगलाला आग लागली, पूर आला, रॉकेट सुटणार असलं की लागतोच. आज आपण फक्त व्हीआयपी टीएफआरबद्दल बोलू. तिथल्या विमान वाहतूक नियमांत ९१.१४१ क्रमांकाचा एक नियम आहे, वाचायला अगदी छोटा. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष किंवा तशी मोठी व्यक्ती जिथे जाणार आहे तिथे, प्रसिद्ध केलेल्या निर्बंधांच्या विरुद्ध कोणी विमान उडवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरी भानगड त्या 'प्रसिद्ध केलेल्या निर्बंधां'मध्ये आहे.

राष्ट्राध्यक्षांसाठीचा नेहमीचा आकार म्हणजे एकात एक दोन वर्तुळं. आतलं १० नॉटिकल मैल त्रिज्येचं, बाहेरचं ३० नॉटिकल मैलांचं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून बाहेरची त्रिज्या साधारण ५५ किलोमीटर होते. ही किती मोठी जागा आहे हे कळायला पुण्यावर वर्तुळ काढून बघा. मध्यबिंदू शिवाजीनगर धरा. आतल्या वर्तुळात हडपसर, पिंपरी-चिंचवड, हिंजवडी सगळं येतं. बाहेरचं वर्तुळ लोणावळ्याच्या जरासं पलीकडे जातं. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे, हडपसरला ग्लायडर उडवणारे सगळे घरी बसले असं समजा. एक माणूस सुट्टीवर आला म्हणून जवळपास ९,७०० चौरस किलोमीटर आकाशाचे नियम बदलले!

आणि उंची? समुद्रसपाटीपासून १७,९९९ फुटांपर्यंत. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अगदी ऑफ-बाय-वन एररची आठवण झाली. पण तो मुद्दाम तसा आहे. अमेरिकेत १८,००० फुटांपासून वरची हवाई हद्द अशी आहे की तिथे प्रत्येक विमान आधीपासूनच कंट्रोलरच्या परवानगीने आणि त्याच्या नजरेखाली उडतं. म्हणून वेगळी बंदी लागते ती त्याच्या खालच्या थरात. तिथे एरवी छोटी विमानं कोणालाही न सांगता, डोळ्यांनी बघत उडू शकतात. उपराष्ट्राध्यक्षांसाठी सहसा बरंच छोटं वर्तुळ असतं, ३ नॉटिकल मैल त्रिज्या आणि जमिनीपासून ३,००० फूट.

आतल्या वर्तुळात जवळजवळ काहीच उडत नाही. नेहमीच्या प्रवासी विमान कंपन्या, पोलीस, लष्कर, एअर अँब्युलन्स यांना ठरलेल्या अटींवर सूट असते. म्हणजे तुम्ही तिकीट काढून मोठ्या विमानतळावर उतरत असाल तर फार तर थोडा उशीर होईल, जास्त काही जाणवणार नाही. बाहेरच्या वर्तुळात उडता येतं, पण तीन गोष्टी हव्यात: आधी फाइल केलेला फ्लाइट प्लॅन, कंट्रोलरशी दोन्ही बाजूंनी चालू असलेला रेडिओ आणि फक्त तुमच्यासाठी दिलेला ट्रान्सपॉन्डर कोड. तेही तिथल्या विमानतळावर उतरायला किंवा तिथून निघायला. उगाच घिरट्या घालत बसायचं नाही. फ्लाइट ट्रेनिंग, ग्लायडर, पॅराशूट उड्या, फुगे, पर्यटकांना फिरवणं, जाहिरातीचे बॅनर ओढणं, शेतावर फवारणी, ड्रोन, इतकंच काय मॉडेल रॉकेटसुद्धा या बाहेरच्या वर्तुळात बंद.

ट्रान्सपॉन्डर कोडबद्दल थोडं सांगतो, कारण मला ते फार आवडतं. विमानातलं हे यंत्र रडारने विचारलं की चार आकडी कोड परत पाठवतं. प्रत्येक आकडा ० ते ७ यांतलाच, ८ आणि ९ नाहीत. म्हणजे ऑक्टल. चार ऑक्टल अंक म्हणजे १२ बिट, म्हणजे एकूण ४,०९६ कोड. डोळ्यांनी बघत उडणारी सगळी छोटी विमानं अमेरिकेत एरवी एकच कोड लावतात, १२००. रडारच्या पडद्यावर ती सगळी सारखीच दिसतात, गर्दीतल्या अनोळखी चेहऱ्यांसारखी. टीएफआरमध्ये १२०० चालत नाही. प्रत्येकाला वेगळा कोड मिळतो, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला नाव येतं.

मला वाटतं टीएफआरचं खरं काम इथे कळतं. बऱ्याच जणांना वाटतं की ही भिंत आहे. पण ज्याला खरंच काही वाईट करायचंय तो सूचना वाचून परत थोडाच जाणार! हा फिल्टर आहे. ओळखीचे सगळे एका यादीत घ्या, बाकीच्यांना बाहेर ठेवा, मग जो ठिपका यादीत नाही त्याच्याकडेच बघत बसा. आमच्या भाषेत व्हाइटलिस्ट. आणि ३० नॉटिकल मैल कशाला, तर वेळ मिळावा म्हणून. सेस्ना १७२ सारखं शिकाऊ विमान साधारण १२० नॉटने उडतं. बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचे २० नॉटिकल मैल कापायला त्याला दहा मिनिटं लागतात. ३०० नॉटने येणाऱ्या जेटला चारच. तेवढ्या वेळात कोणीतरी ठरवायचं असतं की हा वाट चुकलेला आहे की दुसराच कोणी.

आता वाट चुकतेच कशी ते बघू. टीएफआर जाहीर होतो तो 'नोटॅम'मधून. नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. तो प्रकार कधी वाचलाय का? सगळी कॅपिटल अक्षरं, आखूड केलेले शब्द, अक्षांश-रेखांश, एखाद्या रेडिओ स्टेशनपासून इतक्या अंशांवर इतके मैल. टेलिग्रामच्या जमान्यातला फॉरमॅट (ॲप नव्हे, तारेचा टेलिग्राम). नकाशावर काढलेलं वर्तुळ सोयीसाठी असतं, खरा आधार मजकूरच.

त्यात वेळ यूटीसीमध्ये. समजा फ्लोरिडात हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता बंदी सुरू होतेय. तिथली वेळ यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणून नोटॅममध्ये तारीख शनिवारची आणि वेळ ००००. ज्याने घाईत 'शनिवार' वाचलं तो शुक्रवारी रात्री बिनधास्त उडणार. ज्याने कधी सर्व्हरचे लॉग वाचलेत त्याला हे दुखणं माहीत आहे. फरक इतकाच की आमच्याकडे चुकीचा रिपोर्ट येतो, इथे शेजारी लढाऊ विमान येतं.

त्यात नोटॅम बदलतही राहतात. दौऱ्याची पूर्वसूचना बहुतेक वेळा काही दिवस आधी निघते, पण वेळा पुढेमागे होतात, नवीन थांबा वाढतो, कार्यक्रम लवकर संपतो. एका दौऱ्यात तीन शहरं असली तर तीन ठिकाणची वर्तुळं, प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या. तुम्ही सकाळी टॅबलेटवरच्या ॲपमध्ये सगळं डाउनलोड केलं, दुपारी निघालात, मधल्या वेळात वर्तुळ सरकलं. हवेत मोबाइल नेटवर्कचा भरवसा नसतो. काही विमानांत जमिनीवरच्या स्टेशनवरून ही माहिती येत राहते, पण तीसुद्धा सल्ल्यापुरती. नियम असा की उड्डाणाआधी उपलब्ध असलेली सगळी माहिती मिळवणं ही पायलटची जबाबदारी. 'ॲपमध्ये दिसलं नाही' हे उत्तर नाही.

जाता जाता एक गोष्ट. ११ जानेवारी २०२३ ला ही नोटॅम यंत्रणाच बंद पडली. मुख्य डेटाबेस आणि बॅकअप यांचं सिंक्रोनायझेशन दुरुस्त करताना कंत्राटदाराच्या माणसांकडून चुकून फाइल डिलीट झाल्या, असं नंतर एफएएने, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाने, सांगितलं. त्या सकाळी काही वेळ अख्ख्या अमेरिकेत विमानांची उड्डाणं थांबवली होती. सूचनाच मिळत नसतील तर उडायचंच नाही! कोणाला 'प्रॉडक्शनवर काम करतोय' म्हटल्यावर घाम का फुटतो ते आता तुमच्या घरच्यांनाही सांगता येईल.

तर समजा, तुम्ही आत शिरलात. पुढे काय? आधी कंट्रोलर रेडिओवर हाका मारतो. आणीबाणीची एक सामायिक फ्रिक्वेन्सी आहे, १२१.५ मेगाहर्ट्झ, प्रत्येकाने शक्य तेव्हा ती ऐकत राहावी अशी अपेक्षा असते. उत्तर नाही आलं तर एफ-१६ उठतात. लढाऊ विमान सहसा डाव्या बाजूने, जरासं पुढे येतं आणि पंख हलवतं, म्हणजे 'माझ्यामागे ये'. तुम्हीही पंख हलवायचे, म्हणजे 'कळलं'. गंमत अशी की एफ-१६ ला सेस्नाइतकं हळू उडणं जड जातं, त्यामुळे ते पुढे जातं, वळतं, परत येतं. तरी तुमचं लक्ष नसलं तर ते तुमच्या नाकासमोरून आडवं जातं, याला ते 'हेडबट' म्हणतात, किंवा फ्लेअर सोडतं, म्हणजे जळत्या गोळ्यांची माळ. त्या गोळ्या लगेच पूर्ण जळून जातात, खाली कोणाला धोका नसतो. पण कॉकपिटमधल्या माणसाचं काय होत असेल! नोटॅममध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की विमानापासून तातडीचा धोका आहे असं ठरलं तर ते पाडण्यापर्यंत बळ वापरलं जाऊ शकतं.

हे क्वचित घडतं असं समजू नका. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांचा शपथविधी झाला. त्यानंतर मार्चच्या सुरुवातीपर्यंतच फ्लोरिडातल्या पाम बीच भागात वीसपेक्षा जास्त वेळा अशा घुसखोर विमानांची दखल घ्यावी लागली, असं नोराड या अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणेने सांगितलं. जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरला तेच. तिथे ५ जुलैला 'हेडबट' करून एका विमानाचं लक्ष वेधावं लागलं. नोराडचं दर वेळचं सांगणं एकच: उडण्याआधी नोटॅम वाचा.

शिक्षा? नकळत झालं असेल तर बहुतेक वेळा लायसन्स काही आठवडे किंवा महिने निलंबित होतं. जाणूनबुजून केलं असेल तर गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. इथे अमेरिकेची एक पद्धत मला मनापासून पटते. चूक झाल्यावर दहा दिवसांच्या आत पायलटने स्वतःहून नासाच्या सुरक्षा अहवाल यंत्रणेकडे सगळं लिहून पाठवलं, आणि चूक मुद्दाम केलेली नसली, मागच्या पाच वर्षांत दुसरा भंग नसला, तर नोंद राहते पण निलंबन होत नाही. अहवाल नाव काढून जमा होतात, त्यातून कळतं की लोक नक्की कुठे अडखळतात. एफएए शिक्षा करणार म्हणून नासा मध्ये. आमच्याकडे ब्लेमलेस पोस्टमॉर्टेमच्या गप्पा आता होतात, यांच्याकडे ही यंत्रणा १९७६ पासून आहे.

पण चूक नेहमी पायलटचीच असते असंही नाही. २० एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमधलं संसद भवन अचानक रिकामं केलं गेलं, कारण पोलिसांना एक विमान 'संभाव्य धोका' वाटलं. ते लष्कराचंच होतं. जवळच्या बेसबॉल स्टेडियमवर पॅराशूटने उतरायच्या प्रात्यक्षिकासाठी सैनिकांना घेऊन चाललं होतं. एफएएला माहीत होतं, पण तिने संसदेच्या पोलिसांना कळवलं नव्हतं. म्हणजे यादीत नाव होतं, फक्त ती यादी सगळ्यांकडे नव्हती.

याची किंमत कोण मोजतं? पाम बीचच्या मार-ए-लागोपासून थोड्याच अंतरावर लँटाना नावाचा छोटा विमानतळ आहे, आतल्या दहा मैलांच्या वर्तुळात. २०१७ मध्ये ट्रम्प वारंवार वीकेंडला यायला लागले आणि प्रत्येक वेळी लँटाना ठप्प. तिथे फ्लाइट स्कूल, बॅनर ओढणारे, हेलिकॉप्टरवाले, दुरुस्तीची गॅरेजं आहेत आणि त्यांचा धंदा चालतो तोच मुळी वीकेंडला. बेडमिन्स्टरजवळच्या सोलबर्ग आणि सॉमरसेट या विमानतळांची तीच गत. पुढे संसदेने भरपाईसाठी काही निधी ठेवला, पण गेलेलं गिऱ्हाईक भरपाईने परत येत नाही. हे एका पक्षाचं दुखणं नाही. बुश टेक्सासमधल्या रँचवर जायचे, ओबामा हवाईला, बायडेन डेलावेअरला. गाव बदलतं, वर्तुळ तेच. आणि 'तात्पुरतं' किती ताणायचं? २०२५ च्या ऑक्टोबरपासून मार-ए-लागोवर १ नॉटिकल मैलाची, २,००० फुटांपर्यंतची बंदी वर्षभरासाठी लागली, राष्ट्राध्यक्ष घरी असोत वा नसोत. त्यामुळे जवळच्या मोठ्या विमानतळावरून निघणाऱ्या जेट्सचे मार्ग बदलले आणि आवाज दुसऱ्या वस्त्यांच्या डोक्यावर गेला. वर्षभर चालणाऱ्या गोष्टीला तात्पुरतं म्हणणं मला तरी पटत नाही.

यात आपली मुलंही आहेत. भारतात कमर्शियल पायलट व्हायला २०० तास उड्डाण लागतं, आणि ते तास भरायला बरेच विद्यार्थी अमेरिकेत जातात, फ्लोरिडात विशेष. हवा चांगली, स्कूल भरपूर. पण वर सांगितलं तसं, ट्रेनिंग बाहेरच्या वर्तुळातही बंद. वीकेंडला तीन दिवस विमान हलत नाही. होस्टेलचं भाडं, जेवण आणि शैक्षणिक कर्जाचं व्याज मात्र चालूच. विमानाचं तासाचं भाडं सहज दहा हजार रुपयांच्या वर जातं, त्यामुळे कोर्स लांबला की घरी फोन करून आणखी पैसे मागावे लागतात. तुमच्यापैकी कोणी तिकडे शिकायला जाणार असाल तर स्कूल निवडताना फीबरोबर एवढंही विचारा: इथे वर्षातून किती दिवस टीएफआरमुळे बंद असतं? आणि घड्याळ यूटीसीला लावून नोटॅम वाचायची सवय पहिल्या आठवड्यातच करा, कारण तुमच्या डोक्यात आधीच दोन वेळा आहेत, भारतातली आणि तिथली.

आणि जे म्हणतील 'आम्ही कुठे विमान उडवतोय', त्यांच्यापैकी किती जणांकडे ड्रोन आहे? भारतात ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे झोन आहेत. त्याच नियमांत व्हीआयपी दौऱ्यासारख्या वेळी वापरता येईल अशी सोय आहे: तातडीची गरज असेल तर पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखाद्या भागाला तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. तो डिजिटल स्कायच्या नकाशावर दाखवायचा असतो. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही, मग ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड.

याशिवाय पोलिसांचे वेगळे प्रतिबंधात्मक आदेश असतात, पूर्वी कलम १४४ खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवरचं मायक्रोलाइट आणि हॉट एअर बलूनवर अशी बंदी वेळोवेळी घालतात. या आदेशाची माहिती बहुतेकांना बातमीतून किंवा पोलिसांच्या सोशल मीडियावरून मिळते. म्हणजे दोन वेगळ्या जागा तपासायच्या, नकाशाही आणि आदेशही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनो, मुहूर्ताच्या आठवड्यात शहरात कोण मोठा पाहुणा येतोय हे आधी बघा. क्लायंटला ड्रोन शॉटचा शब्द त्यानंतर द्या, आणि तो शॉट कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत टाका, म्हणजे ऐन वेळी बंदी आली तरी पैशांवरून वाद होणार नाही.